समासातली घागर

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेहून खंबायतेकडे जाताना नंदुरबारात उतरला, आणि या लहानशा गावातील मराठे कलाकौशल्यात निष्णात असून वैद्यक व ज्योतिषही जाणतात, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली. असले कौशल्य ज्या रीतीने पिढ्यानुपिढ्या उतरत आले, तीत लेखी अभिप्रायाला स्थान नव्हते. कुंभाराच्या पोराचे मडके चाकावर कलले, तर बाप त्याच्या हातावर आपला हात ठेवी, मडके सावरे, आणि त्या विषयावरचे भाष्य तेथेच संपे. नवशिक्याच्या कामावर कागदाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहून खाली सही ठोकण्याची चाल फार अलीकडची. तिला आपण ‘शेरा’ म्हणतो, यावरूनच ती कारागिराच्या ओट्यावरून नव्हे, दफ्तरातून आली हे उघड होते.

अर्जावर मामलेदाराने शेरा मारावा, ही वहिवाट जुनी; चित्रावर शेरा मारण्याची वहिवाट मात्र इंग्रजी अमदानीत पडली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईस १८५७ साली कलाशाळेचा पहिला वर्ग भरला, १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे अध्यापक विलायतेहून आले, आणि त्यांच्यामागोमाग लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील कलाशिक्षणाची शिस्तही आली. त्या शिस्तीत रिचर्ड रेडग्रेव्ह याने चित्रशिक्षणाच्या २३ पायऱ्या आखून दिल्या होत्या: आधी पट्टी-कंपासाची रेषा, मग छापील नमुन्यावरून मोकळ्या हाताची बाह्यरेषा, मग छाया, मग घनाकृती, असा तो जिना; आणि इंग्लंडातील गावोगावच्या विद्यार्थ्यांची कामे तपासणीसाठी राजधानीत जात, जेथे तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे तोंडही ठाऊक नसे. दुरून तपासायचे तर मोजता येईल तेवढेच तपासता येते. म्हणून रेषेची सफाई, दोन्ही बाजूंचे साम्य आणि प्रमाण या गुणांना त्या पद्धतीत जे माहात्म्य चढले, ते कलेच्या गरजेपेक्षा टपालाच्या सोयीमुळे चढले, असे माझे मत आहे. एवढ्यावरून ग्रिफिथ्सवर रागावणे मात्र अन्यायाचे होईल. ज्याने १८७२ पासून शिष्यांना अजिंठ्याच्या लेण्यांत नेऊन वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, त्याला रेषेतला जीव कळत नव्हता असे कोण म्हणेल?

पुढे १८९३ साली याच कलाशाळेत ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचे शिक्षण सुरू झाले. नंदुरबार तेव्हा खानदेश जिल्ह्याचा एक तालुका, १९०६ नंतर पश्चिम खानदेशचा. पुढे ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेशी जोडला गेलेला, परंतु मुंबईच्या कलाशाळेपासून फार अंतरावरचा. अशा गावी ड्रॉइंग मास्तर ही मोठी विलक्षण असामी असे. गणिताचा मास्तर चुकीवर फुली मारून मोकळा होई. याला मात्र चूक कोठे आहे हे दिसत असूनही ती शब्दांत धरता येत नसे, आणि शेऱ्याची जागा तर दोन बोटे रुंद. मग ‘प्रमाण पाहा’, ‘रेषा स्वच्छ हवी’, ‘बरे’, ‘ठीक’ या चार-पाच नाण्यांवर त्याचा सारा व्यवहार चाले.

आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी एकदा टेबलावर तांब्याची घागर मांडली. मी काढलेल्या घागरीत नवशिक्याचे सगळे दोष एकवटले होते: तोंडाचे लंबवर्तुळ दोन्ही टोकांना पापणीसारखे निमुळते, तळ पट्टीने ओढल्यागत सपाट, आणि डावी बाजू फुगलेली तर उजवी चेपलेली. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे लाल शाईत ‘प्रमाण पाहा’ असे लिहिले, सही केली, आणि मग काय वाटले कोण जाणे, मला बाकावर सरकवून स्वतः माझ्या जागी बसले, मान खाली घालून डोळा माझ्या डोळ्याच्या उंचीवर आणला, आणि समासात अंगठ्याएवढी घागर काढू लागले. आधी उभी मध्यरेषा. तिच्यावर तोंडाचे लंबवर्तुळ, ज्याची टोके वळतात पण मोडत नाहीत. मग तळाचा बाक, तोंडाच्या बाकाहून अधिक खोल, कारण तळ नजरेच्या अधिक खाली असतो. “अरे, घागर काचेची आहे असं समज,” ते म्हणाले. “पलीकडची कड दिसली पाहिजे. ती दिसली की मग खोडून टाक.” त्या वाक्याने मला जे शिकवले, ते त्या वर्षभराच्या साऱ्या शेऱ्यांनी मिळून शिकवले नाही.

१९६५ साली राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले, १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून निघून नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला; एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा मात्र आपल्या इंग्रजी नावांनिशी टिकून राहिल्या, आणि त्यांच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांची तपासणी चालू आहे. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीबद्दल दहावीला ७, ब श्रेणीबद्दल ५ व क श्रेणीबद्दल ३ गुण वाढीव मिळू लागल्यापासून तर पालकांचेही या विषयावरील प्रेम उफाळून आले आहे. त्याविषयी न बोललेले बरे.

शेऱ्याची खरी पंचाईत होते ती स्मरणचित्रात. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, आणि यात्रेचे चित्र काढ म्हटले की अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून शिकायला आलेला मुलगा घोडा बाजूनेच काढणार, चारही पाय सुटे दाखवणार, आणि दूरचा घोडा जवळच्याएवढाच मोठा ठेवणार. ‘यथादर्शन चुकले’ हा शेरा तेथे खोटा म्हणता येत नाही. परंतु त्या घोड्याचे कान ज्या दिशेला टवकारलेले असतात आणि लगाम धरणाऱ्याचा हात जसा मागे ताणलेला असतो, त्यावर लिहायला कोणत्याही तपासनिसाजवळ तयार शब्द नसतो; आणि समासात त्याहून बरा घोडा काढून दाखवावा, तर तो येतो किती जणांना?

माझा तो कागद अजून ट्रंकेत आहे. लाल शाई विटून फिकट गुलाबी झाली आहे, सही तर लागतच नाही, आणि शेऱ्यातले ‘प्रमाण’ तेवढे प्रयासाने वाचता येते. समासातली पेन्सिलीची घागर मात्र काल काढावी तशी काळीभोर आहे. मास्तर पलीकडची कड खोडायला विसरले होते, ती अजून आतून दिसते.