अन्ननलिकेतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण घास अडकत असेल तर तपासणी हवीच

भाकरीचा घास छातीत अडकतो, पाण्याशिवाय उतरत नाही, असं झालं की बरेच जण पित्ताच्या गोळीवर महिनोन्महिने काढतात. तर काही घरांत 'गाठ' शब्द ऐकूनच हातपाय गळतात. दोन्हींत नुकसान पेशंटचंच.

गाठ कुठून येते?
अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. आत अस्तर, त्याबाहेर स्नायूंचा थर. नेहमीचा कॅन्सर अस्तरातून सुरू होतो. तंबाखू आणि दारूने त्याचा धोका वाढतो. स्नायूंच्या थरातल्या गाठी मात्र दुर्मिळ. त्यात सर्वांत जास्त आढळते ती 'लायोमायोमा'. ती कॅन्सरची नसते आणि हळूहळू वाढते. 'जिस्ट' आणि 'लायोमायोसार्कोमा' या त्याहून दुर्मिळ, पण धोक्याच्या.

निदान कसं होतं?
तोंडातून दुर्बीण घातली की अस्तर गुळगुळीत, पण आतून फुगलेलं दिसतं. गाठ अस्तराखाली असल्याने वरवर घेतलेल्या तुकड्यात बऱ्याचदा काहीच सापडत नाही. लायोमायोमा वाटत असेल तर डॉक्टर असा तुकडा घेणं टाळतात, कारण तिथे व्रण धरला तर पुढचं ऑपरेशन अवघड होतं. त्याऐवजी दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने गाठ कोणत्या थरात आहे ते बघतात. सोबत सीटी स्कॅन करतात. जिस्टची शंका असेल तर सुईने नमुना घेऊन 'सीडी ११७' चाचणी करतात.

उपचार काय?
लायोमायोमा लहान असेल आणि त्रास नसेल तर ठराविक काळाने तपासणी पुरते. त्रास होत असेल किंवा गाठ वाढत असेल तर अन्ननलिका शाबूत ठेवून गाठ सोलून काढतात. जिस्टमध्ये ऑपरेशनसोबत इमॅटिनिब ही गोळी अनेकांना लागू पडते. ती मनाने बंद करू नये. लायोमायोसार्कोमात बहुधा अन्ननलिकेचा तो भागच काढावा लागतो.

हे अंगावर काढू नका
आधी भाकरी, मग पातळ पदार्थही अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच. यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा. रक्ताची उलटी झाली तर थेट दवाखान्यात न्या.

जाताना जुने रिपोर्ट सोबत ठेवा. "गाठ कोणत्या थरात आहे?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. खर्चाची काळजी असेल तर जमीन विकायला काढण्याआधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.