फावडे घेऊन गेलेले साहेब



परमुलखात राहणारा इंग्रज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साहेब उभा राहतो. फ्रान्समध्येही असे साहेब थोडे नव्हते. १८३४ साली लॉर्ड ब्रूअम कान या गावी थांबला, त्याला तेथील हवा मानवली आणि त्याच्यामागोमाग इंग्रज धनिकांनी तो सारा समुद्रकाठ भरून टाकला. त्यांच्या गमती पुष्कळांनी लिहिल्या आहेत. आमचे आयुष्य मजुरांत गेले. तेव्हा आम्ही बोलणार ते फावडे घेऊन फ्रान्समध्ये गेलेल्या इंग्रजाविषयी.

१८४१ साली पॅरिस ते रुआं या लोहमार्गाचे काम निघाले. इंजिनिअर जोसेफ लॉक हा इंग्रज. फ्रेंच कंत्राटदारांचे दर त्याला भारी वाटले, म्हणून त्याने काम दिले मॅकेंझी व ब्रासी या आपल्याच मुलखातल्या जोडीला. या जोडीने मजूरही इंग्लंडातून नेले. कामावर एकंदर दहा हजारांच्या आसपास माणसे होती, त्यांतली चार हजारांवर समुद्रापलीकडची. उरलेल्यांत फ्रेंच तर होतेच, पण जर्मन, डच, स्पॅनिश, पोलिश असेही होते. इंग्लंडातून आलेल्यांत आयरिश व वेल्श होते ते निराळे. अकरा भाषा त्या एका कामावर बोलल्या जात होत्या असे सांगतात.

आता या अकरा भाषांच्या बाजारात इंग्रज मुकादमाने हुकूम द्यायचा कसा? त्याला फ्रेंचचा गंध नाही, आणि शिकण्याची हौस तर त्याहून नाही. त्याने सोपी युक्ती काढली. जेथे खणायचे तेथे बोट दाखवायचे, जमिनीवर पाय आपटायचा आणि आपल्या भाषेतली एक ठेवणीतली शिवी हासडायची. काम समजे! पुढे पुढे तेथे एक अशी बोली तयार झाली की जिला इंग्रजही आपली म्हणेना आणि फ्रेंचही म्हणेना. पण मातीचा ढीग मात्र जागचा हलत होता. आम्हाला यात नवल वाटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आलेल्या माणसाने ‘जॉबर’ आणि ‘वाइंडिंग खाते’ हे शब्द कुठल्या शाळेत घोकले होते?

दुसरा गोंधळ पेयाचा. इंग्रज मजुराला सवय बिअरची, ती तो भांडेभर पिई. येथे ब्रँडी स्वस्त. ती त्याच मापाने घेतल्यावर पगाराच्या दिवशी काय होत असेल, ते त्या भागातल्या शिपायांनाच ठाऊक.

बघायला जमलेले फ्रेंच लोक मात्र इंग्रजाचे काम पाहून तोंडात बोट घालीत. त्यांच्याकडे लाकडी फावडी आणि हलक्या हातगाड्या. इंग्रजाचे हत्यार लोखंडी, गाडी मोठी. मजुरीही त्याच हिशेबाने. इंग्रजाला दिवसाला पाच फ्रँक, फ्रेंचाला सुरुवातीस दोन-अडीच. एकाच खड्ड्यात उभे राहून दोन दर! वर कारण ऐका: म्हणे फ्रेंच माणूस जात्याच दुबळा. हे कारण आम्ही आमच्याही आयुष्यात अनेक मालकांच्या तोंडून, निरनिराळ्या जातींच्या नावाने ऐकले आहे. खरी गोष्ट ताटात होती. इंग्रज खाई गोमांस नि डुकराचे मांस, फ्रेंच मजूर भागवी पाव आणि भाजीपाल्यावर. हाती पैसा आला, पोटात बरे अन्न जाऊ लागले, लोखंडी हत्यार मिळाले, तेव्हा तोच दुबळा माणूस इंग्रजाच्या तोडीचे काम उपसू लागला आणि त्याची मजुरीही चढली. मे १८४३ मध्ये मार्ग खुला झाला.

याच सुमारास कॅलेजवळच्या सेंट-पिएर गावात इंग्रजांची दुसरी वसाहत नांदत होती, ती नॉटिंगहॅमकडच्या जाळीदार लेस विणणाऱ्या कारागिरांची. यंत्रे देशाबाहेर नेण्यास इंग्लंडात १८४३ पर्यंत बंदी होती, तरी १८१६ च्या सुमारास पहिले यंत्र सुटे करून, तुकड्यातुकड्यांनी चोरून कॅलेला पोचले. त्याच वर्षी लंडनचा प्रसिद्ध छानछोकी गृहस्थ ब्रमेल सावकारांना चुकवून कॅलेलाच पळाला. एक इंग्रज कर्ज घेऊन आला, दुसरे धंदा घेऊन. फ्रेंचांना धंदा पावला. विणकाम तेथे असे रुजले की ‘व्हील’, ‘रॅक’ असे कारखान्यातले इंग्रजी शब्द फ्रेंच कामगारांनी आपले करून टाकले.

फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसला क्रांती झाली. राजा लुई-फिलिप ‘मिस्टर स्मिथ’ बनून इंग्लंडात पळाला आणि इकडे खऱ्याखुऱ्या स्मिथांवर संकट कोसळले. धंदा बसला, फ्रेंच कामगार उपाशी; तेव्हा त्यांच्या रागाला शेजारचा इंग्रज कामगारच आधी सापडला. मालक सापडला नाही. रुआंकडच्या लोहमार्गावरूनही इंग्रजांना हुसकून लावले.

लेसवाल्यांनी सभा भरवली, सरकारकडे अर्ज केला. नॉटिंगहॅमला परतावे तर तेथेही काम नव्हते, होते ते वर्कहाऊस. त्यांनी मागितले ऑस्ट्रेलिया. त्या वर्षी शेकडो माणसे तीन जहाजांनी निघाली. कित्येक पोरे फ्रान्समध्येच जन्मलेली. एक जहाज ॲडलेडला गेले, दोन सिडनीला. सिडनीच्या एका जहाजाचे नाव होते ‘आजिनकोर्ट’: १४१५ साली ज्या रणांगणावर इंग्रजांनी फ्रेंचांना धूळ चारली, आणि जे कॅलेपासून दोन-तीन दिवसांच्या पायी वाटेवर आहे, त्याचे.