आंबेगाव तालुक्यातले आंबेगाव

आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण कोणते असे विचारले, तर बाहेरचा माणूस साहजिकच आंबेगाव म्हणेल. उत्तर आहे घोडेगाव. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात आणि पावसाळ्यात पुन्हा दिसेनाशा होतात. माझ्या नोकरीच्या काळात पश्चिम भागातल्या काही मुलांच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून बुडालेल्या गावांची नावे असत. ती लिहिताना पेन जरा थांबायचे.

देशातल्या बेघरांविषयी वाचताना मला हे गाव आठवते. बेघर म्हटले की आपल्यापुढे पुण्या-मुंबईचा फूटपाथ येतो, आणि सरकारी व्याख्याही साधारण तीच आहे. उघड्यावर, रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर, सिमेंटच्या नळांत झोपणारा तो बेघर. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री अशी माणसे मोजली गेली. ती १७ लाख ७३ हजारांच्या आसपास भरली. २००१ साली हाच आकडा १९ लाख ४३ हजार होता. म्हणजे एकूण संख्या घटली, पण शहरांतली वाढली. खेड्यातले बेघर कमी झाले आणि शहरातले वाढले, याचा अर्थ खेड्यात घरे झाली की माणसेच शहरात गेली, हे आकडा सांगत नाही. पुढची जनगणना २०२१ साली झालीच नाही, ती २०२७ साली घेण्याचे जाहीर झाले आहे.

या मोजणीत धरणाने उठवलेला माणूस सापडत नाही. डोंगराच्या उतारावर त्याने कुडाची झोपडी उभी केली की जनगणनेच्या लेखी त्याला घर आहे. ऊसतोडीची कोपीसुद्धा त्या हिशेबात घरच.

कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आमच्या भागात आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाणी जुन्नर-आंबेगावला मिळतेच, पण शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा इथपर्यंत जाते. त्या पाण्याने पूर्वेकडे ऊस, द्राक्षे, टोमॅटो पिकले हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्हीही त्याच पाण्यावर वाढलेली भाजी खातो. पण बुडाल्या त्या प्रामुख्याने पश्चिमेकडच्या भातखाचरांच्या जमिनी, आणि डिंभ्यात तरी उठली ती बहुतांशी महादेव कोळी आणि कातकरी माणसे.

आता कायद्याचे पाहा. १९२१ साली आपल्याच जिल्ह्यात मुळशीला सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा होता. जमीन घ्यायची आणि पैसे द्यायचे, माणूस पुढे कुठे गेला हे विचारायचे नाही. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. लाभक्षेत्रात ज्यांना पाणी मिळणार, त्यांच्याकडची ठरावीक मर्यादेवरची जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यायची, ही कल्पना न्यायाची होती. यशवंतरावांच्या महाराष्ट्राला शोभणारी, असे मी म्हणेन.

मेख होती ती अटीत. बदली जमीन हवी तर हातात आलेल्या मोबदल्यातले ६५ टक्के परत सरकारात भरायचे. ज्याने आयुष्यात प्रथमच एवढे पैसे पाहिले, ज्याला अर्ज वाचता येत नव्हता आणि ज्याच्या घरात दोन वर्षे पिकाचे नाव नव्हते, त्याने ते कसे भरावेत? शिवाय मिळणारी जमीन कुठे तर दूर पूर्वेला, जिथे ना हिरड्याची झाडे, ना भात, ना आपली माणसे. कातकऱ्यांची तर गोष्टच निराळी. त्यांच्या नावावर मुळात जमीन नव्हती, मग गेली म्हणून काय मिळणार? पुष्कळ कुटुंबे पाण्याच्या वर डोंगरात सरकली. तिथे १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य जाहीर झाले. खाली पाणी, वर अभयारण्य.

मग उन्हाळ्यात माणसे नारायणगावला मजुरीसाठी उतरू लागली. तिथे सकाळी मजुरांचा बाजार भरतो. कोणी मळ्यात मुक्काम करतो, कोणी वीटभट्टीवर, कोणी थेट पुण्याला जातो. पूर्वीही जात असत, हे खरे. पण पूर्वी ते पेरणीला परत येत.

केंद्राचा नवा भूसंपादन आणि पुनर्वसन कायदा झाला २०१३ साली, १ जानेवारी २०१४ पासून लागू. आमच्या राज्यानंतर ३७ वर्षांनी! त्याच्या तीन वर्षे आधी, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्याचे आदेश दिले होते. ते आवश्यकच होते, थंडीत माणसे मरत होती. पण देशाचे सगळे लक्ष माणूस फूटपाथवर पोचल्यानंतर जागे होते. तो गावातून निघाला त्या दिवशी त्याची नोंद कोणीच घेत नाही.

मनात आणले तर होते, हे याच तालुक्यात दिसले. ३० जुलै २०१४ रोजी माळीण दरडीखाली गेले, १५१ माणसे गेली. एस.टी.च्या चालकाला रस्त्याच्या पुढे गावच दिसेना, तेव्हा जगाला कळले. आमडे येथे नवे माळीण उभे राहिले आणि एप्रिल २०१७ मध्ये लोकांच्या ताब्यात आले. पहिल्याच पावसात तिथली कामे खचल्याच्या तक्रारी झाल्या, तरीही तीन वर्षांच्या आत छप्पर मिळाले. सारा देश पाहत होता ना! डिंभ्याला दरड कोसळली नाही. पाणी हळूहळू चढले.

तिथे जे काही झाले ते बरेचसे लोकांनी आणि 'शाश्वत' संस्थेच्या कुसुम कर्णिक, आनंद कपूर यांनी रेटून केले. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क आदिवासींच्या सहकारी संस्थेला मिळाला, पडकईची खाचरे डोंगरउतारावर बांधली गेली. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. यात घरकुलाची योजना कुठे नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पोट गावात भरले की माणूस घर स्वतः बांधतो.

आणि गाळपेर. जलाशयाचे पाणी उतरले की काठचा गाळ उघडा पडतो, त्यावर पीक घ्यायचे. म्हणजे आपलीच बुडालेली जमीन, वर्षातले काही महिने. ती कधी उघडी पडणार हे पावसापेक्षा आवर्तनावर ठरते. खाली कालव्याला पाणी लवकर सुटले तर वर पेरणी लवकर होते, उशिरा सुटले तर उशिरा.