पडलेले फूल कोणी वेचले?

मराठी माणसाला कोणी कविता गाऊन दाखवली तर तो मान डोलावतो. तीच कविता प्रश्नपत्रिकेत आली की त्याला घाम फुटतो. या घामाला मोठी परंपरा आहे. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोल्यांनी जुन्या कवींचे वेचे जमवून शाळांसाठी ‘नवनीत’ काढले. तोवर मोरोपंत लोकांना कीर्तनात भेटत, टाळ-मृदंगासह. आता ते बाकावर भेटू लागले, छडीसह! नवनीत म्हणजे लोणी. पण मुलांच्या वाट्याला आली ती घुसळण. शब्दार्थ, अन्वय, सरळ अर्थ, तात्पर्य. पुढे ‘रसग्रहण’ आले. पण त्यातला रस गाईडवाले आधीच काढून बाटलीत भरून विकत, मुलांना उरे ते नुसते ग्रहण.

हे आपलेच दुखणे, असे मात्र समजू नका. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकाने कवींची नावे झाकून विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या. पोरांनी थोर कवींना धुऊन काढले आणि सुमारांची पाठ थोपटली! त्यांतल्या १३ कवितांचा हा पंचनामा १९२९ साली पुस्तकरूपाने निघाला. नाव झाकले की साहेबाच्या पोरालाही कविता एकट्याने वाचावी लागते, आणि तीच तर खरी पंचाईत.

आमच्या मुलचेऱ्यात नावे झाकायचीही गरज नव्हती. गडचिरोली जिल्ह्याच्या या जंगलातल्या तालुक्यात कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या तेलुगू, तर कुणाच्या बंगाली. त्यांचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेले. मराठी कवी सगळेच त्यांना सारखे अनोळखी! एकदा गळून पडलेल्या फुलावरची कविता होती. गाईडात उत्तर तयार : ‘जीवनाची क्षणभंगुरता’. मी मात्र आधी कविता दोनदा मोठ्याने वाचली आणि गप्प बसलो. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, फूल पडलं, मंग वेचलं कोनं जी?”

बरोबरच होते. तिच्या घरी मोहाचे फूल पडते ते पहाटे वेचायला, वाळवायला, विकायला. पडलेले फूल म्हणजे घरात आलेले धान्य! एका बंगाली मुलाला शिउली आठवली. म्हणजे आपला प्राजक्त. त्याच्याकडे तो पूजेसाठी जमिनीवरूनच वेचतात.

“ठीक,” मी म्हणालो, “आता कवितेतल्या शब्दावर बोट ठेवून सांगा, हा कवी रडतोय की वेचतोय?” मग जी हातघाई झाली, तिला समीक्षा म्हणतात हे मी त्यांना सांगितले नाही, उगाच घाबरली असती. शेवटी वर्गाचा निकाल लागला : कवी रडतोय, कारण त्याला घरी फुले न्यायची नाहीत.

गाईडातले वाक्यही मी फळ्यावर लिहून दिले. पेपर तपासणाऱ्याच्या अंगणात मोह असेलच, याची खात्री काय?