बिघ्याचे गुंठे किती?

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरी जुन्या पेट्यांतून इनामाचे वा वाटणीचे मोडी कागद जपून ठेविलेले आढळतात. त्यांत जमीन बिघे-पांडांत लिहिलेली असते. हाती सातबारा असतो तो हेक्टर-आरचा. दोहोंचा मेळ घालून द्यावा म्हणून काही बंधू माझ्याकडे येतात. मी गणित शिकवीत असे, एवढेच माझे भांडवल. एका घरी तर या हिशोबापायी चुलत भावांचे बोलणे बंद पडले होते. थोरला बिघ्याचे वीस गुंठे धरी, धाकटा तीस.

शिवकालीन मोजणीचे कोष्टक कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आले आहे. पाच हात व पाच मुठी मिळून एक काठी. हात चौदा तसूंचा, आणि काठी एकंदर ८२ तसूंची. म्हणजे हातांचे ७० तसू जाऊन मुठींच्या वाट्यास १२ उरतात. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. वीस चौरस काठ्यांस पांड म्हणत. अशा वीस पांडांचा बिघा होई.

अडचण येते ती तसूपाशी. मुंबईकडील गज २४ तसूंचा व २७ इंचांचा असे. त्यातील हात १६ तसूंचा, म्हणजे १८ इंच. हा तसू काठीस लावला तर काठी सुमारे ७ फूट ८ इंच भरते आणि बिघ्याचे २१-२२ गुंठे होतात. परंतु सभासदाचा हात चौदाच तसूंचा आहे. तोच हात १८ इंचांचा मानला तर तसू मोठा होतो, काठी पावणेनऊ फुटांच्या पुढे जाते, आणि बिघा २८ गुंठ्यांच्या वर चढतो. एका शब्दाच्या दोन अर्थांनी बिघ्यामागे सहा-सात गुंठ्यांचे अंतर पडले!

गुंठ्याविषयी असा घोटाळा नाही. गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांची पाहणी १८३६ च्या सुमारास इंदापुरास लागू झाली आणि पुढे नाशिककडे आली. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. साखळीचा चौरस तो गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. सोळा आण्यांमुळे रयतेस हिशोब तोंडी जमे. रुपयाचे आणे १९५७ साली गेले. शेताच्या बांधावर मात्र गुंठ्याचे आणे मी त्यानंतरही ऐकले आहेत. दशमान पद्धतीचा आर गुंठ्याहून किंचित लहान. शंभर गुंठ्यांचे १०१ आर व थोडे अधिक होतात.

त्या भावांच्या कागदात सुदैवाने चतुःसीमा लिहिलेली होती. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट. दोन्ही खुणा जागेवर होत्या. कोष्टक बाजूस ठेवून आम्ही फीत धरली. बिघ्यास सुमारे २६ गुंठे निघाले, म्हणजे दोघांपैकी कोणाचाच आकडा नव्हे. थोरल्याने तो वहीत उतरून घेतला. धाकटा म्हणतो, ओढा पूर्वी अलीकडे वाहत होता, आणि तसे वाहिला असल्यास माझी मोजणीही फिरेल, हे मला मान्य करावे लागते.