सामाईक भिंतीचे घर आणि ऊर्जेचा प्रश्न : मुळशी तालुक्याच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे नाव ऊर्जेच्या इतिहासात धरण व सत्याग्रह यांमुळे नोंदले गेले. या इतिहासाचा घरबांधणीशी असलेला संबंध मात्र फारसा विचारात घेतला जात नाही. गावठाणातील जुन्या घरांच्या ओळीत, दोन घरांच्या मधल्या जागेवर उभे राहणारे नवे घर कमीत कमी ऊर्जेत कसे चालेल, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईच्या कापड गिरण्यांना जलविद्युत पुरविण्यासाठी टाटा समूहाने सह्याद्रीत प्रकल्प उभारले. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, तर मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळील या धरणासाठी भातखाचरे व घरे संपादित करण्यास विरोध म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यात मिळाली. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र पूर्ण झाले. दूरच्या शहरातील विजेसाठी येथील घरे पाण्याखाली गेली. म्हणून या तालुक्यात विजेची बचत ही केवळ बिलापुरती बाब ठरत नाही.

पारंपरिक घराची रचना :
ताम्हिणीच्या बाजूस पाऊस अतिशय मोठा असल्याने तीव्र उताराचे छप्पर व पडवी आवश्यक ठरली. दाट गावठाणात घरे भिंतीला भिंत लावून बांधली जातात. सामाईक भिंतीवर ऊन पडत नाही, त्यामुळे घराच्या दोन बाजू तापत नाहीत. परंतु खिडक्या केवळ पुढे व मागे राहतात आणि माजघर अंधारे होते. पुण्याच्या पेठांतील वाड्यांनी हा प्रश्न चौकाच्या योजनेने सोडविला होता.

नव्या घराचे नियोजन :
अशा घरात उन्हाचा मुख्य भार छतावर येतो. उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसा तापतो व रात्री ती उष्णता घरात सोडतो. त्यावर उष्णतारोधक थर व फिक्या रंगाचा गिलावा हवा. लहान जागेत चौक शक्य नसल्यास जिन्यावर झडपांचा उंचवटा ठेवावा. तापलेली हवा त्यातून वर निघून जाते, खिडक्यांतून ताजी हवा आत येते आणि मधल्या खोल्यांना उजेडही मिळतो. पश्चिमेच्या खिडक्यांना खोल छज्जा द्यावा. शेजारच्या जुन्या भिंतीचा पाया खोदकामात उघडा पडू नये आणि दोन भिंतींच्या सांध्यात पाणी मुरू नये, ही दक्षता महत्त्वाची आहे.

नियमांची मर्यादा :
ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये झाला व निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. २०१८ च्या या संहितेत ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांचा विचार केला होता. साहजिकच गावठाणातील लहान घर तिच्या कक्षेबाहेर राहते.

निष्कर्ष :
सामाईक भिंत, चौक व पडवी यांमागील तत्त्वे आजही उपयुक्त आहेत. लहान भूखंडांसाठी सोपी मार्गदर्शक तत्त्वे तयार करून ती ग्रामपंचायतींमार्फत घर बांधणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे. ज्या भूमीने विजेची किंमत आपल्या घरांनी चुकविली, तेथील नव्या घरांपासून याचा प्रारंभ होणे उचित ठरेल.