तळटीप १४ : ‘एक्झॅक्ट मॅच’

१४. एक्झॅक्ट मॅच : गूगलवर जाहिरात देणारा जे शब्द निवडतो ते ‘कीवर्ड’. लोकांच्या शोधाशी ते किती काटेकोर जुळावेत, याचे तीन प्रकार आहेत. ‘ब्रॉड’मध्ये विषयाशी संबंधित शोधही चालतात, ‘फ्रेज’मध्ये कीवर्डचा अर्थ शोधात सामावलेला हवा, ‘एक्झॅक्ट’मध्ये शोधाचा अर्थ किंवा हेतू तोच हवा. अक्षरशः तेच शब्द मात्र लागत नाहीत. २०१८पासून समानार्थी शोधही त्यात धरतात.

मजकुरात या प्रकारामुळे जाहिरात वर गेल्याचे म्हटले आहे, ते शब्दशः घेऊ नये. कोणत्या शोधासाठी जाहिरात जागेच्या लिलावात उतरू शकते, एवढेच या प्रकारावरून ठरते. क्रम लावताना बोलीबरोबर क्लिक मिळण्याची शक्यता, जाहिरातीचा शोधाशी असलेला संबंध आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा दर्जा हेही पाहतात. ‘धावण्याचे बूट’ असा नेमका कीवर्ड असला, की जाहिरात आणि पान दोन्ही त्याच गरजेला धरून तयार करता येतात. फायदा होतो तो त्यातून. १९९८ साली ‘गोटू डॉट कॉम’ या शोधयंत्राने जाहिरातींचा क्रम केवळ बोलीवर लावला होता, गूगलने २००२मध्ये त्यात क्लिकचे प्रमाणही धरले. —संपा.